खायला काळ, भुईला भार

तुरुंगाची एक कोठडी धरा. पोलादी दार, जाडी १० सेंटिमीटर. माणूस सरपटत बाहेर निघेल एवढं भोक त्याला पाडायचं, म्हणजे व्यास निदान ४५ सेंटिमीटर हवा. हिशोब केला तर जवळपास १६ लिटर पोलाद काढावं लागतं आणि त्याचं वजन भरतं सव्वाशे किलो. आता हे पोलाद कापायचं नाही, वितळवायचं नाही, खायचं आहे. तडस लागेस्तोवर जेवलं तरी माणसाच्या पोटात दीडेक लिटर मावतं. दातांवरच्या एनॅमलची कठीणता मोह्सच्या मापात ५ च्या आसपास, आणि चांगलं पाणी दिलेलं पोलाद त्याच्या पुढे जातं. म्हणजे दात आधी झिजणार, पोट नंतर फुटणार, आणि दोन्ही टिकलंच तर पलीकडच्या बोळात जो उतरेल तो स्वतःच्या जवळपास तिप्पट वजनाचा असेल.

अमेरिकन कॉमिक्समध्ये हे काम एक पोरगा बिनबोभाट करतो. त्याचं नाव टेन्झिल केम, हुद्द्याचं नाव मॅटर-ईटर लॅड. डिसेंबर १९६२ च्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या ३०३ व्या अंकात तो पहिल्यांदा आला. बिस्मॉल नावाच्या ग्रहावर सूक्ष्मजंतूंनी सगळं अन्न खाण्याजोगं ठेवलं नाही, म्हणून तिथली माणसं पिढ्यानपिढ्या काहीही पचवायला शिकली, असा त्याचा खुलासा. सव्वाशे किलो जातात कुठे, हे कुणी विचारायचं नाही. बिनकामाच्या शक्तींची यादी कुणीही करायला बसलं की या पोराचं नाव पहिल्या पाचांत येतं आणि हसून सोडून दिलं जातं. गंमत अशी की त्याला जन्माला घालणारा लेखक जेरी सीगल. १९३८ मध्ये सुपरमॅन ज्या दोघांनी काढला त्यांतला हा एक. गगनाला गवसणी घालणारा आणि दार चावणारा, दोघेही एकाच लेखणीतून उतरले. तेव्हा सीगलची कल्पना आटली म्हणावी, तर तसंही नाही. कारण पाहायचं तर टेन्झिल ज्या पोरांच्या संघात होता त्याची नियमावली उघडावी लागते.

हा संघ म्हणजे 'लीजन ऑफ सुपर-हीरोज'. तिसाव्या शतकातली किशोरवयीन मुलं, एप्रिल १९५८ पासून. भरतीची अट अशी की प्रत्येकाकडे निदान एक शक्ती अशी हवी जी संघात दुसऱ्या कुणाकडे नाही. शिवाय ती अंगची हवी, यंत्राची उसनी नको. पहिल्या दहा जणांपर्यंत ही अट सोपी. वीज, चुंबक, मनातलं ओळखणं, अदृश्य होणं, लहान होणं, मोठं होणं. त्यात सुपरबॉय, म्हणजे पोरवयातला सुपरमॅन, आणि मॉन-एल यांच्यासारखे गडी आधीच भरलेले. त्यांच्याकडे ताकद, वेग, क्ष-किरणी नजर, कातडी अभेद्य, सगळंच. उडणं ही तर शक्ती म्हणून बादच झाली, कारण आधी पट्ट्यामुळे आणि पुढे अंगठीमुळे संघातला जो तो उडायचा. अशा वेळी विसाव्या उमेदवाराला द्यायला उरतं काय? पंगतीत शेवटी बसणाऱ्याला जिलबी संपल्यावर पाकच मिळायचा. त्यात १९५४ पासून कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घातलेली नियमावली, लागू झालेला. रक्तपात, हाणामारी यांवर कात्री. मग गोष्टी कोड्यासारख्या लिहिल्या जायच्या. पेच टाकायचा आणि शेवटच्या दोन पानांत तो अनपेक्षित माणसाकडून सोडवून घ्यायचा. कोड्याला विचित्र किल्ली लागते. टेन्झिल ही अशीच एक किल्ली आहे. पेटीतली बाकीची हत्यारं हातोडे असल्यामुळे ती विनोदी दिसते.

बाउन्सिंग बॉयचं तसंच. चक टेन हा निरोप्या मुलगा. प्रयोगशाळेतला द्रव पोचवायला निघाला, वाटेत यंत्रमानवांची कुस्ती बघत बसला आणि सरबत समजून तोच द्रव प्यायला. तेव्हापासून फुगून चेंडू होतो आणि उसळतो. तो पहिल्यांदा दिसला मे १९६१ मध्ये. आता उसळणं म्हणजे काय, ते पाहू. टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून टाकला तर नियमाप्रमाणे १३५ ते १४७ सेंटिमीटर वर यायला हवा, म्हणजे निम्म्यापेक्षा थोडं जास्त. उत्तम कृत्रिम रबराचा चेंडू ९० टक्क्यांपर्यंत जातो. शंभर टक्के कुणीच जात नाही, कारण दर टप्प्याला थोडी शक्ती उष्णतेत आणि आवाजात जाते. म्हणजे चेंडू झालेल्या माणसाला स्वतःहून उंच जाता येणार नाही; कुणीतरी फेकावं तरी लागेल, नाहीतर कड्यावरून उडी तरी मारावी लागेल. शिवाय हवेत असताना दिशा बदलता येत नाही. अंग फुटबॉलसारखं, पाय आत गेलेले, हात आखूड, आणि डोकं दर टप्प्याला खालीवर. चित्रात हे दिसायला धमाल. करायला गेलं तर पहिल्या दहा सेकंदांत ओकारी.

पण सीगलने त्याला संघात घेतलं ते कशाच्या जोरावर, हे बघण्यासारखं आहे. विजेचे झटके देणारा एक चोर असतो. जो त्याला पकडायला जातो तो झटका खाऊन पडतो. बाउन्सिंग बॉय त्याच्यावर आदळतो तेव्हा तो हवेत असतो, जमिनीला टेकलेला नसतो. वीज वाहायला वाट पूर्ण व्हावी लागते. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही ते याच कारणाने. उसळण्यात खरं महत्त्व दोन टप्प्यांमधल्या त्या क्षणाला आहे, जेव्हा पाय कुठेच नसतात. शक्ती तीच, फक्त लेखकाने तिची दुसरी बाजू वापरली. पुढे या चकचं लग्न संघातल्याच डुओ डॅमसेलशी झालं, १९७४ साली. म्हणजे संसारही नीट लागला.

सगळ्यांचा असा लागला नाही. ज्यांना संघाने परत पाठवलं त्यांतल्या पाच जणांनी मार्च १९६३ च्या ३०६ व्या अंकात आपला वेगळा संघ काढला, 'लीजन ऑफ सब्स्टिट्यूट हीरोज'. क्रिकेटच्या भाषेत बारावे खेळाडू. पाणी न्यायचं आणि कुणी जायबंदी झालं तर धावायचं. एडमंड हॅमिल्टनने लिहिलेली गोष्ट, जॉन फोर्टची चित्रं. थंडी पाडणारा पोलर बॉय, तोंडातून आग काढणारा फायर लॅड, झाडं भराभर वाढवणारा क्लोरोफिल किड, अंधारातच ताकद येणारी नाइट गर्ल. आणि स्टोन बॉय.

स्टोन बॉयपाशी जरा थांबायला हवं. झ्वेन या त्याच्या ग्रहावर रात्र सहा महिन्यांची असते. तिथली माणसं ती रात्र दगड होऊन काढतात, अस्वल गुहेत थंडी काढतं तशी. म्हणजे दगड होणं ही त्याच्या गावी झोप आहे. ती घेऊन तो दुसऱ्या ग्रहावर नोकरी मागायला आला. दगड झाला की हलता येत नाही, बोलता येत नाही. असून अडचण, नसून खोळंबा ही म्हण इतक्या शब्दशः कुणाला लागू पडली नसेल. तरी त्याचा वापर होतो आणि तो बघून हसू येत असलं तरी हिशोब चोख आहे: मित्र त्याला उचलून नेतात आणि वरून टाकतात. माणसाची घनता पाण्याएवढी, ग्रॅनाइटची तिच्या पावणेतीनपट. आकारमान तेवढंच राहिलं तर ६० किलोचा पोरगा १६० किलोंच्या वर जातो. आघात होतो शत्रूला. दगडाला काहीच लागत नाही. चूक होते ती एकाच ठिकाणी. दगड झालेल्याला नेम धरता येत नाही, वेळही ठरवता येत नाही. टाकणारा चुकला की त्याला तिथेच पडून राहायचं. म्हणजे ही शक्ती एकट्याची नव्हेच, ती दोघांची आहे. एकट्याची चाचणी घेतली की नापास होणारच, आणि संघाच्या भरतीत उमेदवार मंचावर एकटाच उभा करायचे.

पुढे या बारा नंबरवाल्यांत कलर किड आला, मार्च १९६६ मध्ये. कशाचाही रंग बदलतो. बस्स, एवढंच. पण एकदा पृथ्वीभोवती हिरव्या क्रिप्टोनाइटचा, म्हणजे सुपरमॅनच्या कुळाला विषारी असलेल्या खनिजाचा, ढग पसरला आणि सुपरबॉय, सुपरगर्ल यांना पृथ्वीवर राहणंच अशक्य झालं. ज्याला कुणाची ताकद पुरेना तो ढग कलर किडने निळा करून टाकला. निळं क्रिप्टोनाइट त्यांना बाधत नाही. हे वाचताना त्या काळची छपाई डोळ्यांपुढे आणावी. स्वस्त वर्तमानपत्री कागद आणि चार शाया: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. रंगीत शाया तीन छटांत वापरून जेवढे रंग जमतील तेवढे, म्हणजे ६४. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. त्या ढगाच्या जागेची पिवळी शाई गाळली की उरतो निळा. छापखान्याच्या दृष्टीने अख्ख्या कॉमिक्समधली सगळ्यात स्वस्त शक्ती हीच, आणि तिने वाचवलं कुणाला, तर सगळ्यात महागड्या नायकाला.

या सगळ्या पोरांना लेखक मनापासून वागवत होते. 'बघा किती बावळट' असा डोळा मारणं त्यात नव्हतं. डोळा मारणं नंतर आलं. कीथ गिफेनने ऐंशीच्या दशकात याच बारा नंबरवाल्यांना घेऊन प्रहसन केलं आणि १९८५ मध्ये त्यांचा विशेषांकही काढला. तो हसवतो, नाही असं नाही. मग डिसेंबर १९८९ च्या 'सीक्रेट ओरिजिन्स'मध्ये आर्म-फॉल-ऑफ-बॉय आला. स्वतःचा हात खांद्यातून उपसायचा आणि सोटा म्हणून वापरायचा. सगळा हात धरला तर शरीराच्या वजनाच्या पाच टक्के. ७० किलोच्या माणसाचा साडेतीन किलो. क्रिकेटची बॅट सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे तीन बॅटी एकत्र बांधल्यासारखं वजन, पण मधे कोपर. हाणायला गेलं की तो वाकणार आणि फटका स्वतःच्याच गुडघ्यावर. शिवाय एक हात उपसायला दुसरा लागतो, त्यामुळे दोन हातांत दोन सोटे कधीच जमत नाहीत. विनोद एकदा वाचून संपतो. मुद्दाम टाकाऊ केलेल्या शक्तीत शोधायला काही उरत नाही. नकळत टाकाऊ झालेली जास्त काळ पुरते.

नकळत म्हणजे किती नकळत, ते १९४० च्या रेड बीकडे पाहून कळतं. 'हिट कॉमिक्स'चा पहिला अंक. सरकारी वकील रिक रॅले रात्री लालपिवळा वेष घालून गुन्हेगार पकडतो, आणि त्याच्या पट्ट्याच्या बक्कलमध्ये एक शिकवलेली मधमाशी असते. तिचं, किंवा त्याचं, नाव मायकेल. मधमाश्यांत नराला नांगीच नसते. मायकेल खरोखर मायकेल असेल तर तो फक्त गुणगुणू शकतो. आणि मायकेल ही कामकरी माशी असेल, तर माणसाच्या कातडीत काटेरी नांगी अडकते, माशी उडताना ती पोटातून उपटली जाते आणि माशी मरते. म्हणजे दर गुन्हेगारामागे एक मायकेल. शिवाय ऐन हंगामात कामकरी माशी जगते पाच-सहा आठवडे, आणि रेड बी चालला चोवीस अंक, दोनेक वर्षं. त्या बक्कलमध्ये किती मायकेल होऊन गेले असतील! मधुमक्षिकापालन केलेला एकही माणूस त्या कॉमिक्सच्या कार्यालयात नव्हता, एवढं नक्की.

इथवर जी शक्ती बिनकामाची वाटली ती कशामुळे? अटीमुळे, एकट्याने मंचावर उभं राहण्यामुळे, किंवा लेखकाच्या अज्ञानामुळे. पण एक कारण याहून खोल आहे आणि ते कॉमिक्सच्या पानातच दडलेलं आहे. ते दाखवतो डग रॅम्झी.

मार्च १९८४ च्या 'न्यू म्युटंट्स' तेराव्या अंकातला हा मुलगा, संघातलं नाव सायफर. त्याला कुठलीही भाषा कळते. बोललेली, लिहिलेली, माणसाची, परग्रहावरची, संगणकाची. खऱ्या जगात असा माणूस असता तर त्याला कुणी आपल्या दूतावासातून बाहेर पडू दिलं नसतं. कॉमिक्समध्ये मात्र तो सगळ्यात निरुपयोगी ठरला. कारण साधं. कॉमिक्समध्ये परकी भाषा दाखवायची एक जुनी रीत आहे: संवादाच्या फुग्यात वाचकाच्याच भाषेत मजकूर लिहायचा आणि दोन्ही बाजूंना कोनी कंस टाकायचे. रशियन बोलतोय, जपानी बोलतोय, मंगळावरची भाषा बोलतोय, सगळीकडे तेच दोन कोन. म्हणजे डगची जी थोर शक्ती, ती अक्षरं काढणाऱ्या कारागिराने दोन रेघांत प्रत्येक वाचकाला आधीच फुकट दिलेली. वाचकाला सगळं कळतंय, मग डगला कळलं यात नवल कसलं? आणि चित्रकाराने काढायचं काय? विजेला रेषा असतात, आगीला जिभा असतात. समजण्याला काय असतं? पोरगा कान देऊन उभा आहे, एवढंच. लढाईच्या पानावर बाकीचे ठिणग्या उडवताहेत आणि हा कोपऱ्यात.

१९८८ च्या साठाव्या अंकात मैत्रिणीवर झाडलेली गोळी अंगावर घेऊन डग मेला. मराठीत अशा माणसाला 'बिचारा' म्हणतात. या शब्दात दया असते आणि थोडी सुटकाही. सुमारे वीस वर्षांनी कथेने त्याला परत आणलं आणि तेव्हा लेखकांनी त्याच शक्तीकडे नीट पाहिलं. देहबोली हीसुद्धा भाषा. समोरचा कुठल्या पायावर भार देतोय, खांदा कधी आवळतोय, हे वाचता आलं की ठोसा निघायच्या आधी कळतो. एकट्या डगने जुन्या सगळ्या सोबत्यांना भारी पडावं, असा प्रसंग त्यातून निघाला. महत्त्वाचं म्हणजे हे आता काढता येतं: नजर, पवित्रा, हुकलेला ठोसा. २०१९ मध्ये म्युटंट, म्हणजे शक्ती घेऊनच जन्मलेली, माणसं क्राकोआ या जिवंत बेटावर राष्ट्र वसवतात तेव्हा त्या बेटाशी बोलू शकणारा एकटा डग. कुठे घर उगवायचं, कुठे दार उघडायचं, सगळं त्याच्या दुभाषेपणावर. शक्तीत कानामात्रेचाही बदल केलेला नाही.

याच २०१९ च्या मालिकेत एक दुसरी उलथापालथ आहे, आणि कारागिरी म्हणून मला ती जास्त आवडते. २०१३ मध्ये फॅबिओ मेडिना नावाचं पात्र आलं. अंगातून सोन्याच्या रंगाचे गोळे फेकतो, नाव गोल्डबॉल्स. गोळे टणाटण उसळतात, कुणाच्या डोक्याला लागतात, संपलं. सहा वर्षं वाचक हसले. मग लेखक जोनाथन हिकमनने एक प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी कुणीच विचारला नव्हता: हे गोळे आहेत कशाचे? उत्तर: ती अंडी आहेत, फक्त जीव न धरलेली. त्यावर त्याने पाच जणांची साखळी बांधली. फॅबिओ अंडं देतो. प्रोटिअस वास्तव वाकवून ते जीव धरण्याजोगं करतो. एलिक्सर मेलेल्याचा वंशबीजाचा नमुना घेऊन त्यात जीव चेतवतो. टेम्पस काळ पुढे ढकलून त्या देहाला हव्या त्या वयाला आणते. होप चौघांची शक्ती वाढवून त्यांना एका तालात ठेवते. शेवटी मनं वाचणारा प्राध्यापक झेविअर साठवून ठेवलेलं मन त्यात उतरवतो. मेलेला नायक चालत बाहेर येतो. यातली एक कडी काढा आणि उरतो नुसता मांसाचा गोळा. फॅबिओ नसेल तर तेवढंही नाही. त्याचं नावही बदललं: एग.

जिथे लेखकाला शक्तीची दुसरी बाजू सापडत नाही तिथे पात्र नुसतं टिकून राहतं. १९८९ च्या 'ग्रेट लेक्स ॲव्हेंजर्स' या संघात डोरमन आहे. त्याच्या अंगातून आरपार गेलं की भिंतीपलीकडच्या खोलीत पोचता येतं, त्याच्या पुढे नाही. संघाचं बिऱ्हाड अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात. दार शोधायचा आळस असेल तर उपयोगी.

आणि खारी. डोरीन ग्रीन, स्क्विरल गर्ल, १९९० च्या दशकाच्या तोंडावर विल मरे आणि स्टीव्ह डिटको यांनी काढलेली. डिटको म्हणजे स्पायडरमॅनच्या दोन निर्मात्यांतला एक. ती खारींशी बोलते आणि पहिल्याच गोष्टीत डॉक्टर डूमसारख्या खलनायकाला खारींकरवी जेरीस आणते. अमेरिकेत हे ऐकून लोक हसले. मराठी वाचकाने हसायचं कारण नाही. सेतू बांधताना वाळूत लोळून कण झटकणारी खार आपल्याकडे आधीपासून आहे, 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग तिथूनच आलेला. शिवाय खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तिला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. डिसेंबर १९८७ मध्ये कनेटिकटमधल्या ट्रंबुल गावी एका खारीने वीजपुरवठा बंद पाडला आणि नॅस्डॅक हा शेअरबाजार तासाभराहून जास्त वेळ ठप्प झाला. १९९४ मध्ये दुसऱ्या खारीने पुन्हा तेच केलं. एक खार, कुणी न शिकवता. डोरीनच्या दिमतीला तर फौज.

२०१५ मध्ये रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन यांनी तिची स्वतंत्र मालिका सुरू केली तेव्हा पहिल्याच मोठ्या पेचात समोर गॅलॅक्टस, ग्रह गिळणारा. त्याच्यापुढे ठोशांचा उपयोग शून्य. डोरीन त्याच्याशी बोलायला बसते. त्याला भूक लागलेली असते, एवढाच प्रश्न असतो. मग त्याला असा एक ग्रह शोधून दिला जातो, जिथे कुणी राहत नाही आणि जिथे ओकच्या बिया खच्चून भरल्या आहेत. तो तिकडे जेवायला जातो.